आस

गप्पी व्याली रविवारी पहाटे,
नेरुळ, सेक्टर अठ्ठेचाळीस, दुसरा मजला,
आणि आम्हाला कळलं आठ वाजता,
दात घासता घासता ओजस ओरडला तेव्हा:
काचेपाशी डोळे.
नुसते डोळे. मागे शेपटीची शंका.

तेवीस, तो म्हणाला.
चहा होईतो एकोणीस.

आधी संशय आईवरच. तिला उचलून
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली.
पोट सपाट, चेहरा कशातच नसलेला.
तरी सतरा.
मग फिल्टरच्या तोंडाशी पाहिलं:
काळ्या फटींतून पाणी आत जात होतं,
तसंच एक पिल्लूही गेलं.
आवाज नाही, झटापट नाही,
जणू आतून कुणी हाक मारली.

बंद करावा तर पाणी नासतं.
चालू ठेवावा तर हे.

कपाटाच्या तळाशी स्टॉकिंग सापडलं, अंगाच्या रंगाचं,
बेलापूरच्या एका हॉटेलातल्या मुलाखतीसाठी घेतलेलं,
एकदाच घातलेलं.
नोकरी मिळाली नाही. टाच तेवढी उसवली.
कात्री लावणार, तोच मागून बाबा:
"जरा दाव."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर
दिवाळे कोळीवाड्यातून त्यांना इकडे आणलं
त्याला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात
त्यांनी टाकीकडे पाहिलं ते
टीव्हीवर जाहिरात लागली की पाहतात तसं.

चार बोटांवर ते ताणलं,
ट्यूबलाइटसमोर धरलं, एक डोळा मिटून.
"आस बारीक हाय. जवल्याच्या बोक्शीपरीस बारीक."
रबरबँड नको म्हणाले, पाण्यात ढिला पडतो.
नायलॉनचा धागा मागितला
आणि फिल्टरच्या गळ्याशी अशी गाठ मारली
की एक टोक ओढलं तरच सुटेल,
दुसरं ओढलं तर आणखी आवळेल.
"सगला जलम मासली जाल्यान यावी म्हनून जाली इनली,"
हे फिल्टरला सांगितलं असावं. मला तरी नाही.
"आनी आता..."
दाताने धागा तोडला.

पण बांधायच्या आधी आतलं पाहायचं, हा ओजसचा हट्ट.
नळाखाली नको, आई, नळाखाली नको!
म्हणून बादलीत, टाकीच्याच पाण्यात
फिल्टरचा स्पंज दाबला. गाळ सुटला,
गटारासारखा वास,
आणि गाळात एक डोळा हलला.
मग दुसरा, थोड्या अंतरावर, वेगळ्याच माशाचा.
चार निघाले. जिवंत.
बाबांनी चहाच्या चमच्याने उचलले एकेक,
बोटीच्या इंजिनाने ज्याचं अर्धं बोट नेलं
त्याच हाताने.
माझ्याच्याने चमचा धरवला नव्हता.

एकवीस. राहिलेल्या दोघांचं
बरणीला माहीत.

रात्री तव्यावर मांदेली होती.
ओजसने काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही.
बाबांनी काटे ताटाच्या कडेला लावले
नेहमीसारखे, ओळीत.

आता घरात अंडं उकडतं ते पिल्लांसाठी.
पिवळा बलक फडक्यातून पिळायचा,
चिमूटभर, दिवसातून तीनदा;
जास्त झाला की स्टॉकिंग तुंबतं,
फिल्टर धाप लागल्यासारखा घुरघुरतो.
म्हणून रोज गाठ सोडायची, धुवायचं, पुन्हा बांधायचं.
हे काम कुणी कुणाला दिलं नाही.
भरती बघायची उरली नाही तरी पहाटे जाग येते,
आणि जन्मभर पाट्यांनी मासळी मोजलेला माणूस
स्टूल ओढून काचेसमोर बसतो,
ओठ हलवत, एकेरी मोजतो.

काल वीस भरले.
पुन्हा वीस.
मी आतून पाहत होते, दुधाचं पातेलं हातात.
स्टॉकिंग सोडून उलटं करून पाहिलं,
बादली पाहिली, आपली बाहीसुद्धा.
मग कधीतरी हीटरमागे बोट रोखून, दबक्या आवाजात:
"ह्यो बग. लपलाय मेला."